टोमॅटोची गाडी आणि मिणमिणता डिपर

कोलार, मालूर, चिक्कबळ्ळापूर इथला भाजीपाला बेंगळुरूच्या पहाटेच्या बाजारात पोचवायचा, तर पिकअपला रात्रीच निघावं लागतं. जुन्या मद्रास रस्त्याने येणाऱ्या या गाड्यांत नव्याकोऱ्या असतात, तशा पंधरा-पंधरा वर्षं राबलेल्या टाटा २०७ आणि बोलेरो पिकअपही असतात. होसकोटेच्या अलीकडे शहरातले पथदिवे रस्ता उजळून टाकतात, त्यामुळे जुन्या गाडीचे हेडलाइट किती मंद झाले आहेत हे चालकाच्या ध्यानातच येत नाही. शहर मागे पडलं की पिवळट उजेड चार हातांवर विरतो आणि गाडी अंदाजाने हाकावी लागते.

यावर त्याला एकच इलाज सुचवला जातो. बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर सुट्या भागांच्या दुकानांची रांगच आहे; तिथे जायचं आणि पांढराशुभ्र एलईडी बल्ब बसवून घ्यायचा. काम अर्ध्या तासाचं. आपला रस्ता उजळतो, समोरच्याचा मात्र दिसेनासा होतो. मग तो समोरचाही पुढच्या आठवड्यात त्याच दुकानात उभा असतो.

जुलै २०२४ पासून कर्नाटक पोलिसांनी अशा डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली कारवाईची मोहीम उघडली. रस्ते सुरक्षेची जबाबदारी असलेले तेव्हाचे अतिरिक्त पोलीस महासंचालक आलोक कुमार यांनी ती आधीच जाहीर केली होती. मोहीम योग्यच होती, पण अर्धी. ज्याला दंड झाला त्याने तो बल्ब हौसेने लावला होता की समोरचं काही दिसत नव्हतं म्हणून, हे कोणी विचारत नाही. एलईडी काढून जुना बल्ब लावला की तो पुन्हा आंधळा. समोरच्याला दिपवणारा दिवा गुन्हा ठरतो, पण दगड भरून उभा असलेला ट्रॅक्टर ज्यात दिसत नाही असा दिवा वर्षानुवर्षं खपवून घेतला जातो.

खरं तर या जुन्या गाड्यांत बल्ब बहुधा निर्दोष असतो. त्यातला एच-४ बल्ब अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅटचा. दोन्ही बाजूंचे दिवे मिळून सुमारे दहा अँपिअर प्रवाह ओढतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सगळा प्रवाह बॅटरीतून निघून डॅशबोर्डाच्या स्विचमधून, तिथून स्टिअरिंगजवळच्या डिपर स्विचमधून, मग बारीक वायरीतून बल्बपर्यंत येतो. स्विचचे पॉइंट काळवंडलेले, होल्डर जळका, अर्थिंगचा नट गंजलेला. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज गळतं. हॅलोजन बल्बचा हिशोब निर्दय असतो: व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो आणि वीस टक्क्यांनी उतरलं तर निम्म्याहून जास्त प्रकाश जातो.

गंमत म्हणजे, तारेत गळणाऱ्या व्होल्टेजचा हा प्रश्न याच मुलखाने सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवला होता. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज जवळपास दीडशे किलोमीटर दूर, कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेली गेली. इतक्या अंतरात ती तारेतच विरू नये म्हणून दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवला होता. १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले तेही त्याच विजेवर. आज कोलारहून निघालेल्या पिकअपमध्ये मात्र बॅटरीपासून हेडलाइटपर्यंतच्या दोन-तीन मीटरमध्ये उजेड गळून जातो.

त्यावरचा उपाय कोणत्याही जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला पाठ असतो. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट पुढे आणायची, हेडलाइटजवळ दोन रिले बसवायचे, एक अप्परला, एक डिपरला. जुन्या स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा. दहा अँपिअरचा भार त्याच्यावर टाकायचा नाही. अर्थिंग घासूनपुसून नव्याने आवळायचं. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर लावला की फरक आकड्यात दिसतो. बल्ब तोच राहतो, उजेड बदलतो, आणि चालान फाडायला कारणही उरत नाही. पण रिलेच्या वायरिंगला दुकानाच्या काउंटरवर चमक नसते. एलईडीचं खोकं झगमगतं, म्हणून तेच खपतं.

रिलेने सगळंच सुटतं असं नाही. रिफ्लेक्टरची चकाकी उडाली असेल तर नवा दिवाच बसवावा लागतो, आणि तो घेताना एक बघायचं: उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांसाठी बनवलेला दिवा आपल्याकडे लावला, तर त्याचा वर चढणारा झोत नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून वर अतिनील किरण रोखणारा थर द्यावा. टूथपेस्टचा लोकप्रिय प्रयोग थोडे दिवसच टिकतो. १००/९० वॅटचा बल्ब जुन्या वायरीवर लावणं म्हणजे होल्डर वितळण्याची तयारी.

एलईडी सरसकट वाईट नसतो. हॅलोजनचा रिफ्लेक्टर मात्र एका बारीक फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराची चिप आली की झोताची वरची ठळक कड फिसकटते. जर्मनीत २०२० साली ओस्रामच्या एका एलईडी बल्बला हॅलोजनच्या जागी बसवायची परवानगी मिळाली, तीही चाचणी झालेल्या ठरावीक मॉडेलांपुरतीच.

पिकअपची आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. रिकाम्या गाडीचे दिवे नीट लावले आणि मग मागे टोमॅटोचे क्रेट रचले, की पाटे दबतात, नाक वर उठतं आणि साधा डिपरही समोरच्याच्या डोळ्यात घुसतो. जमिनीपासून ८० सेंटिमीटरवरचा दिवा शंभराला एक या उताराने लावला, तर झोत ८० मीटरवर रस्त्याला टेकतो. तेवढाच कोन वर उचलला की तो टेकतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मापही दिलं आहे: दिव्यापुढे ८ मीटर, उजवीकडे अर्धा मीटर आणि दीड मीटर उंचीवरचे डोळे दिपता कामा नयेत. भरलेली जुनी पिकअप या मापाला उतरतेच असं नाही. दिव्याचा कोन खालीवर करणारी सोय काही गाड्यांत असते, पण ती वापरायला कोणी शिकवत नाही.

व्यापारी गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. म्हणजे या सगळ्या गाड्या कुठल्या तरी सरकारी नजरेखालून जातातच. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेमुळे महाराष्ट्रातल्या आरटीओंना ब्रेक तपासायला २५० मीटरचे पट्टे बांधावे लागले. दिव्यांची तपासणी मात्र अनेकदा ‘लावून दाखवा’ एवढ्यावर उरकते, तीही भर दुपारी आणि गाडी रिकामी असताना.

जर्मनीत १९५६ पासून दर ऑक्टोबरात दिव्यांची मोफत तपासणी होते. गॅरेजवाले त्यात सहभागी होतात आणि दिवे नीट असले की काचेवर लावायला स्टिकर मिळतो. बेंगळुरूला हे न झेपण्यासारखं नाही. झोत मोजणारं यंत्र चाकांवर ढकलत नेता येतं. ते कोलारच्या टोमॅटो बाजाराच्या फाटकावर संध्याकाळी उभं करावं, गाड्या भरून निघत असतानाच. सोबत एक इलेक्ट्रिशियन, थोडे रिले, वायरचं भेंडोळं. झोत वर असेल तर स्क्रू फिरवून खाली आणावा, व्होल्टेज गळत असेल तर खर्च सांगावा, आणि चुकीचा एलईडी असेल तर पावती फाडण्याआधी जुना बल्ब परत बसवायची एक संधी द्यावी. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो बाजारांतूनही अशाच गाड्या रात्री निघतात. तिथल्या बाजार समित्यांनी बेंगळुरूची वाट पाहायचं काही कारण नाही. काट्यावर गाडीचं वजन होतंच, त्याच जागी दोन मिनिटांत दिवेही मोजून होतील.