दरवाजे आपले, बेड्या मात्र अरबांच्या?

पोस्ट जरा लांब आहे आणि काहींना आवडणारही नाही. तरी लिहितोच.

मुलगा नोकरीनिमित्त दार-ए-सलामला असतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. एका रविवारी ओळखीची तीन-चार कुटुंबं मिळून बागामोयोला गेलो. दार-ए-सलामच्या उत्तरेला ७०-७५ किलोमीटरवर, झांझिबारच्या समोरच्या किनाऱ्यावरचं हे जुनं स्वाहिली गाव. १९व्या शतकात टांगानिका सरोवराकडे जाणारे काफिले इथून निघायचे. जाताना कापड, मणी, पितळेची तार. येताना हस्तिदंत, आणि पकडून आणलेली माणसंही.

गावातल्या मुख्य रस्त्याचं नाव इंडिया स्ट्रीट. झालं! कोरीव दरवाज्यांपुढे फोटो सुरू. आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "हे सगळं आपल्या लोकांनी वसवलं." वाटाड्या पोरगा हसतमुख होता. त्याने सांगितलं, स्वाहिलीत दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी' म्हणतात, आणि हुंडी तर 'हुंडी'च. मंडळी एकदम खूश.

मग गेलो १८६८ सालच्या कॅथलिक मिशनच्या संग्रहालयात. तिथे गुलामांच्या बेड्या ठेवल्यात. तेच गृहस्थ चटकन म्हणाले, "हे अरबांचे धंदे." आणि सगळे जेवणाचं बघायला बाहेर पडले.

माझं तिथेच डोकं फिरलं. दरवाजे आपले आणि बेड्या अरबांच्या, हा कुठला हिशेब? मी साधा बी.कॉम. माणूस, पण सारी नोकरी बँकेत गेली. ज्या वहीत नुसती जमेची बाजू भरलेली आहे आणि नावेची कोरी, तिच्यावर मी कधी सही केली नाही.

मुळात काफिला चालायचा कसा? उधारीवर. माल आगाऊ द्यायचा, काफिला वर्ष-दोन वर्षांनी परत आला की हस्तिदंतात व्याजासकट वसुली. हे भांडवल पुष्कळसं कच्छी-गुजराती पेढ्यांचं. मुंद्र्याच्या जयराम शिवजींच्या पेढीकडे तर झांझिबारच्या जकातीचा मक्ता होता. हस्तिदंत आणि गुलामांचा मोठा व्यापारी टिपू टिप याला पैसा पुरवत होते कच्छचे थारिया टोपन. झांझिबारच्या लवंगांच्या बागांत राबणारे गुलाम, आणि त्या बागा गहाण आपल्या सावकारांकडे. 'हुंडी' हा शब्द तिथे आपोआप गेला नाही. त्याच्याबरोबर व्याजही गेलं.

कर्ज मंजूर करणाऱ्याला बँकेत एक प्रश्न हमखास विचारतात: पैसा कुठे गेला ते पाहिलंत का? "मी फक्त कर्ज दिलं" हे उत्तर चालत नाही.

कोणी म्हणेल, तेव्हा हे चालायचंच. चालायचं, पण खुपतही होतं. १८६०च्या सुमारास ब्रिटिश कॉन्सल रिग्बी यांनी झांझिबारच्या हिंदी व्यापाऱ्यांकडचे हजारो गुलाम सोडवले. म्हणजे नुसतं कर्जच नाही, घरात गुलामही होते. १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर गेले आणि झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला.

दुसरी बाजूही सांगतो. काफिल्यातले पुष्कळ हमाल मजुरीवर येणारे न्यामवेझी होते, सगळे गुलाम नव्हते. बागामोयोचेच व्यापारी सेवा हाजी पारू यांनी इस्पितळासाठी, शाळेसाठी पैसा दिला. तेही वहीत हवं. पण देणगी दिली म्हणून जुनी थकबाकी पुसली जात नाही.

आणि "वसवलं" म्हणजे काय? गावापासून पाच किलोमीटरवर काओले इथे १३व्या शतकातली प्रवाळ दगडाची मशीद आहे, खांबांच्या कबरी आहेत. स्वाहिली माणसं तिथे आधीच नांदत होती. आपण नंतर दुकान थाटलं, इतकंच.

"ते कच्छी होते, आपला काय संबंध?" असं कोणी लिहायच्या आधीच सांगतो: दरवाज्याशी फोटो काढताना ते आपलेच होते ना?

आणि ही खोड फक्त आफ्रिकेतली नाही. इथे आपण सगळेच आपापल्या घराण्यांच्या आठवणी लिहितो. बडोद्यात कसे आलो, वाडा कसा बांधला, महाराजांनी शाबासकी कशी दिली. सगळं जमेला! माझे पणजोबा एका महालाच्या कचेरीत वसुली कारकून होते. "वसुलीला फार कडक" असं घरात आजही कौतुकाने सांगतात. मीही नातवंडांना तसंच सांगत आलो. पण वसुली कोणाकडून, दुष्काळाच्या साली काय केलं, कोणाचे बैल गेले, हे मी वडिलांना कधी विचारलं नाही. आता सांगायला कोणी उरलं नाही.

तुमच्या घरी अजून कोणी सांगणारं असेल, तर या रविवारी जाऊन बसा त्यांच्यापाशी. आणि नावेची बाजूही विचारा.

— एक निवृत्त बँकवाला, बडोदे