पट्टीवरचा पिवळा रंग

अंगणवाडीत दंडघेर मोजायची एक पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची आणि रंग बघायचा. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकराच्या खाली लाल, मधला पिवळा. एवढं स्वस्त आणि एवढं बिनचूक 'यूजर इंटरफेस' आमच्या धंद्यात क्वचितच बघायला मिळतं!

लाल रंग आला की सरकार जागं होतं. ग्राम बाल विकास केंद्र, जादा आहार, गरज पडली तर दवाखान्यातलं पोषण पुनर्वसन केंद्र. हे व्हायलाच हवं. पण पिवळ्याचं काय? पुढच्या महिन्यात परत वजन करा, आईला दोन गोष्टी समजावून सांगा, संपलं. मूल लाल झालं की भेटूच.

माझं म्हणणं एवढंच आहे की खरी मदत पिवळ्यालाच हवी. आणि पिवळं फक्त मूल नसतं, अख्खं घर पिवळं असतं. बापाचं कंत्राट संपलेलं असतं, आई पुन्हा गरोदर असते, नाहीतर आजी एकटी तीन नातवंडं सांभाळत असते. नुसत्या खिचडीने हे सुटत नाही.

गडचांदूरचंच बघा ना. आजूबाजूला सिमेंटचे कारखाने, त्यामुळे बाहेरून आलेली कंत्राटी कामगारांची कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत. ठेकेदार बदलला की खोली रिकामी. वर जिवतीच्या पहाडावर कोलाम आणि गोंड वस्त्या. हंगामात माणसं मिरची तोडायला तेलंगणात उतरतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचे असे कितीतरी मजूर चालत घरी परतले, तेव्हा कुठे बाकीच्यांना कळलं की हे लोक जातात! म्हणजे गावात एक गर्दी येणारी, एक जाणारी. अंगणवाडीचं रजिस्टर मात्र एका जागी.

यावर शासनाने खरंच एक चांगली गोष्ट केली. स्थलांतरित गरोदर बाया, स्तनदा माता आणि मुलांची नोंद त्यांच्याबरोबर फिरावी म्हणून महाराष्ट्राने 'मायग्रेशन ट्रॅकिंग सिस्टिम' बनवली. नोव्हेंबर 2021 मध्ये सहा जिल्ह्यांत तिची चाचणी सुरू झाली, त्यात चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही होते. कल्पना झकास. पण मंडळी, आपण सॉफ्टवेअरवाले आहोत, आपल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. अलार्म वाजणं वेगळं आणि रात्री दोनला उठून सर्व्हरकडे बघणारा माणूस असणं वेगळं. मूल कुठे गेलं हे ॲप सांगेल. पण तिथे पोचल्यावर त्याचं दार कोण ठोठावणार?

'अंगणवाडीताई आहे ना!' हे ठरलेलं उत्तर. ताईने तरी किती करायचं? पोरांना शिकवायचं, आहार बघायचा, वजनं घ्यायची, सर्वेक्षणं करायची, वरून मोबाईलमध्ये माहिती भरायची. 2021 मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी फोन परत केले होते. फोन निकामी आणि ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार. डिसेंबर 2023 मध्ये त्या मानधन वगैरे मागण्यांसाठी संपावर गेल्या आणि संप पन्नासहून जास्त दिवस चालला. आपण तिला पगारी कर्मचारीही मानत नाही, आणि जबाबदारी मात्र अख्ख्या यंत्रणेची देतो. हे काही बरोबर नाही.

दार ठोठावण्याने काय होतं याचा पुरावा शोधायला लांब जायची गरज नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत आरोग्यदूत तयार केले. गावातलीच बाई, बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाणारी, नवजात बाळाला तपासणारी. तिथला बालमृत्यूदर हजारी 121 वरून 2003 पर्यंत 30 वर आला. पुढे आशाताईंच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या त्या याच अनुभवावरून. 2018 पासून त्या भेटी पंधराव्या महिन्यापर्यंत वाढवल्या. सोळाव्या महिन्यात ठरलेल्या भेटी संपतात. घरातली अडचण मात्र तारीख बघून संपत नाही.

मग पैसे कुठून आणायचे? ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. नगरपरिषदेत त्यासाठी वेगळी समितीच असते. यातून गावातलीच एक बाई नेमता येईल. वस्तीत कोलामी बोलत असतील तर कोलामी बोलणारी. काम एकच: पिवळी घरं. महिन्यातून दोनदा जायचं, काय अडलंय ते विचारायचं. रेशनकार्ड असो, दवाखाना असो की बालसंगोपन योजनेचा अर्ज, बरोबर जाऊन ते काम पुरं करायचं. त्या योजनेत 2023 पासून मुलामागे महिना 2250 रुपये मिळतात. पण आईबापांपैकी एक गेल्यावर कागद जमवत जिल्ह्याच्या चकरा मारायच्या म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. आणि कुटुंब गाव सोडून निघालं, तर पुढच्या गावातल्या अशाच बाईला फोन करायचा. ॲप हाताशी आहेच, खुशाल वापरा!

यात क्रांतिकारक काही नाही, हे मलाही कळतं. कदाचित म्हणूनच होत नसावं. लाल मूल बरं झालं की फोटो काढता येतो. पिवळं मूल लाल झालंच नाही, याचा फोटो कसा काढणार?

असो. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीचे ते 10 टक्के कशावर खर्च होतात, पुढच्या सुट्टीत गावी गेलात की जरा विचारून बघा.