हस्तकौशल्य : जुन्या मोटारीचे अंतरंग

वाचकहो, पूर्वजांची आठवण म्हणून आपण पितळेची समई जपतो, शिसवी पाट जपतो, क्वचित एखादे जुने घड्याळही जपतो. काही कुटुंबांच्या वाट्याला मात्र याहून मोठा वारसा येतो. घराच्या मागील पडवीत, ताडपत्रीखाली, आजोबांच्या काळातील एखादी अमेरिकन मोटार वर्षानुवर्षे उभी असते. तिचे इंजिन मिस्त्री सुरू करून देईल आणि रंग रंगारी देईल. परंतु आतील बैठका, छताचे अस्तर, दारांचे पुठ्ठे यांच्याकडे कोणी पाहावयाचे? घरातील मंडळींनी स्वतः लक्ष घालावे असे हे काम असल्यामुळे या वेळी त्याचाच विचार करू.

अमेरिकन गाड्या आपल्याकडे आल्या कशा, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली व १९५४ मध्ये ती बंद केली. दरम्यान सोलापूरच्या मातीतून पुढे आलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारानुसार कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या जुळू लागल्या. म्हणजे आपल्या घरची ‘अमेरिकन’ गाडी पुष्कळदा मराठी कामगारांच्या हातांनी उभी राहिलेली असते. तिची निगा राखणे म्हणजे त्या हातांचाही मान राखणे होय.

आता भिलाईच्या जुनवानीसारख्या ठिकाणाचा विचार करा. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी येथे १९५९ मध्ये पेटली. अशा नगरीत लोखंड जोडणारे, कातकाम करणारे कसबी हात सहज सापडतात. अमेरिकन गाडीच्या दुरुस्तीला त्यांचा उपयोग व्हावा, हा एक गमतीचाच योग! परंतु येथील हवा अशा गाडीला मुळीच मानवत नाही. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पाठोपाठ पावसाळ्याची ओल येते. उन्हाने रेक्झिन तडकते, ओलीने कापसाला बुरशी लागते. म्हणून काम हिवाळ्यात हाती घ्यावे आणि सरींपूर्वी पुरे करावे.

प्रथम बॅटरीच्या तारा सोडवा. नंतर प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्या. स्क्रू निरनिराळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या लावा. फाटका गलेफ केरात टाकू नका. त्याची शिवण उसवून तुकडे सपाट केले म्हणजे तोच नव्या गलेफाचा नमुना होतो. जुन्या गाडीत इंजिनालगतच्या आडव्या पत्र्यावरील थरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो व रंगात शिसे असू शकते. ते कोरडे घासू नये. तोंडावर योग्य मुखवटा बांधून, पृष्ठभाग ओला ठेवूनच काम करावे, व मुलांना तेथून दूर ठेवावे.

बैठका बाहेर काढल्या की जमिनीचा पत्रा उघडा पडतो. गालिच्याखालचा ज्यूटचा नमदा पाणी शोषून धरतो, आणि खालचा पत्रा कोणाच्या लक्षात न येता गंजत जातो. नवा गालिचा घालण्याची घाई न करता पत्रा तारेच्या ब्रशाने साफ करावा. भोके पडली असतील तर तुकडा जोडून घ्यावा. मग गंजरोधक अस्तर-रंग द्यावा. पाणी कोठून येते हेही शोधावे. दारात शिरणारे पावसाचे पाणी खालच्या बारीक छिद्रांतून निघून जाते. ती छिद्रे मातीने बुजली की पाणी साचते, दार गंजते आणि आतील पुठ्ठा फुगून वाकडा होतो. म्हणून छिद्रे मोकळी करावीत, आणि नवा पुठ्ठा बसविताना त्याच्यामागे जलरोधक कागद अवश्य लावावा.

बैठकीची रचना आपल्या गादीपेक्षा फार निराळी नाही. पोलादी चौकटीवर स्प्रिंगा, त्यांवर तरट, तरटावर कापसाचा थर आणि सर्वांवर कापड असा तिचा क्रम असतो. स्प्रिंग मोडली असेल तर जोडावी अथवा बदलावी. सैल झालेल्या स्प्रिंगा एकमेकींना बांधून घ्याव्यात. तरट नवे घालावे, कारण ते फाटले की स्प्रिंगा कापसात घुसतात. येथे एक मोह टाळावा लागतो. पुष्कळ कारागीर जाड फोम भरून बैठक फुगवून देतात. क्रायस्लरचे त्या काळचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह असे की, माणसाला डोक्यावरील हॅट न काढता गाडीत बसता यावे. त्यासाठी बैठकीची व छताची उंची विचारपूर्वक ठरविलेली होती. फोम वाढविला की तो सारा हिशेब चुकतो, आणि चालविणाराचे डोके छताला लागते.

छताचे अस्तर आडव्या पोलादी कमानींना टांगलेले असते. प्रत्येक कमानीचा बाक निराळा असतो. म्हणून काढतानाच तिच्यावर क्रमांक घालावा. अस्तर मध्यापासून दोन्ही कडांकडे सारखे ताणीत न्यावे व सुरकुत्या सौम्य वाफेने घालवाव्यात.

डॅशबोर्डवर लाकडाच्या रेषा दिसल्या तरी तो सहसा लाकडी नसतो. पत्र्यावर उठविलेली ती नक्षी असते. तिला पॉलिशपेपर लावला की ती गेलीच! मऊ ओल्या फडक्याने हलकेच पुसावी. स्टिअरिंगच्या चाकावरील भेगा इपॉक्सीने भरून घासाव्यात व रंगवाव्यात. दिव्यांच्या तारांवरील सुती आवरण हाताला भुगा होत असेल तर त्या बदलाव्यात. १९५५ पूर्वीच्या बहुतेक अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या आहेत. तेवढाच प्रकाश द्यावयाचा तर बारा व्होल्टच्या मानाने दुप्पट विद्युत्प्रवाह लागतो. म्हणून तारा जाडच हव्यात. शिवाय त्या काळच्या क्रायस्लर गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, हे विजेच्या कारागिराला आधीच सांगावे.

खर्चाचा प्रश्न येतोच. सर्व काम एकदम करण्याची गरज नाही. एका वर्षी जमीन, दुसऱ्या वर्षी बैठका, तिसऱ्या वर्षी छत, असा क्रम ठेवता येतो. कायद्याचाही विचार करावा. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची खास नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. मात्र गाडीची चासी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी अथवा धंद्यासाठी चालविता येत नाही; प्रदर्शन, रॅली व देखभाल यांसाठीच ती बाहेर काढता येते. मूळ रूप टिकविणे ही म्हणूनच केवळ हौस उरलेली नाही.

आणखी एक गोष्ट. स्प्रिंगा बांधणारा, दाभणाने जाड कापड शिवणारा वृद्ध कारागीर आपल्या गावात अजून असेल, तर त्याला घरी बोलवा आणि आपल्या मुलामुलींना त्याच्या शेजारी बसवा. कापड पुन्हा मिळेल, रेक्झिनही मिळेल; पण ताण किती द्यावा हे ज्या बोटांना कळते ती बोटे पुन्हा मिळणार नाहीत. मोटारीबरोबर ती विद्याही पुढच्या पिढीच्या हाती गेली, तरच वारसा खऱ्या अर्थाने जपला असे म्हणता येईल.