गोंगाटाला कान द्यावा काय?

दरवर्षी आपल्या या वार्षिकांकाच्या अखेरीस जिमखाना, ग्रंथालय, राष्ट्रीय सेवा योजना अशा सर्व विभागांचे वार्षिक अहवाल छापून येतात आणि आपले नाव शोधण्यापलीकडे ते कोणी वाचत नाही. यंदा मी मात्र एक वार्षिक अहवाल चक्क ऐकला! ‘द सेकंड ॲन्युअल रिपोर्ट’ हे त्याचे नाव. ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ नावाच्या लंडनच्या चौकडीने १९७७ साली काढलेली ही ध्वनिमुद्रिका. वसतिगृहातील मैत्रिणीने पैज लावली होती, “शेवटपर्यंत ऐकून दाखव, आठवडाभर चहा माझ्याकडून.” पैज मी जिंकले, पण ती मुद्रिका काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

तिच्यात आहे तरी काय? विजेच्या उपकरणांची घरघर, खरवडल्यासारखी वाजणारी गिटार, टेपवर पकडलेले इकडचे तिकडचे आवाज आणि त्यांतून मधूनच उमटणारा, ओळखू येऊ नये इतका पिळवटलेला मनुष्यस्वर. पहिल्या बाजूला त्याच त्या दोन रचना निरनिराळ्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा येतात. दुसऱ्या बाजूला सुमारे वीस मिनिटांचा एकच सलग तुकडा. एका रचनेत खुन्याच्या तोंडची अमानुष वर्णने आहेत. ती येथे सांगण्याजोगी नाहीत. मुद्रिकेचे वेष्टन जवळजवळ कोरे, पांढरे. पहिल्या खेपेस अवघ्या ७८५ प्रती काढल्या होत्या.

जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुटी, पीटर ख्रिस्तोफरसन आणि ख्रिस कार्टर ही ती चौकडी. कार्टर विजेची वाद्ये स्वतः जुळवीत असे. पूर्व लंडनमधील हॅकनी भागात तळघरात त्यांची कार्यशाळा होती. तिला ते ‘मृत्यूचा कारखाना’ म्हणत. १९७६ साली लंडनच्या एका प्रतिष्ठित कलासंस्थेत त्यांनी भरविलेल्या प्रदर्शनावरून एवढे वादळ उठले, की एका खासदाराने त्यांना ‘संस्कृतीचे विध्वंसक’ ठरविले. पुढे त्यांनी ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. ‘औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत’ हे तिचे घोषवाक्य. त्यावरूनच या संगीतप्रकाराला नाव मिळाले आणि १९८१ साली ही चौकडी फुटली तरी ते नाव टिकले.

“याला संगीत म्हणायचे?” हा प्रश्न वाचकांच्या ओठांवर आला असेल. माझ्याही आला होता. परंतु जे कानाला गोड तेच संगीत, हा नियम कोणी केला? चित्रकाराने कुरूप चेहरा रंगविला तर आपण त्याला चित्रकलेतून बाद करीत नाही. कथेत दुःख आले म्हणून कथा मिटून ठेवीत नाही. मग कानालाच एवढे लाडावून का ठेवायचे? इटलीच्या लुइजी रुसोलोने तर १९१३ सालीच एका जाहीरनाम्यात म्हटले होते, की यंत्रयुगातील माणसाने गोंगाटालाही संगीतात जागा द्यावी. ही चौकडी ज्या इंग्लंडमध्ये वाढली तेथील जुने कारखाने आणि गोद्या त्या काळात एकामागून एक बंद पडत होत्या. त्या दिवसांचा आवाज बासरीतून निघाला असता काय? तेव्हा ‘हा नुसता गोंगाट आहे’ एवढे म्हणून हात झटकणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

असो. माझा खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो घोषवाक्यातील ‘औद्योगिक माणसांसाठी’ या शब्दांवर आहे.

मी इचलकरंजीची. माझ्या वडिलांनी तीस वर्षे यंत्रमाग चालविला. बारा तासांची पाळी आणि एकाच खोलीत खडखडणारे कितीतरी माग. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबलची मर्यादा धरतात. मागांच्या खोलीत ती सहज ओलांडली जाते. धोट्याचा प्रत्येक फेरा कानावर आपटतो. आज आबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने अर्धेमुर्धे येते. घरात आम्ही सगळे ओरडूनच बोलतो; पाहुण्यांना वाटते, भांडण चालले आहे. इंग्लंडातील लँकेशरच्या कापडगिरण्यांतील विणकर बाया म्हणे ओठांच्या ठळक हालचालींनी एकमेकींशी बोलत, कारण मागांपुढे आवाज पोचतच नसे. ते वाचले तेव्हा मला आबाच दिसले. आई बोलू लागली, की त्यांची नजर तिच्या ओठांवर असते.

दिवाळीच्या सुटीत मी ती मुद्रिका मोबाईलवर लावून त्यांच्या उजव्या कानाशी धरली. दोन मिनिटे त्यांनी लक्ष देऊन ऐकले. “बेअरिंग गेलंय बघ कुणाचंतर,” ते म्हणाले. “आबा, हे गाणं आहे!” मी ओरडून सांगितले. “लोक पैसे देऊन ऐकतात.” आबा हसले. “आम्हाला ऐकायचे पैसे मिळत हुते,” ते म्हणाले, “तरीबी नको वाटायचं.”

या एका वाक्यात माझ्या आक्षेपाचे सार आले. हॅकनीच्या तळघरात गोंगाट करणाऱ्यांच्या हाती तो बंद करण्याचे बटन होते. आबांच्या मागालाही बटन होते; पण ते दाबले तर पगार थांबत होता. ज्याला आवाज थांबविता येतो, त्यालाच त्याची कला करणे परवडते. त्या मुद्रिकेत यंत्र आहे, भय आहे, क्रौर्य आहे. यंत्रापुढे उभा असलेला माणूस मात्र मला कोठे आढळला नाही. त्यांच्या कंपनीचे बोधचित्र तर पाहणाऱ्याला साधा कारखाना वाटावे असे, आणि प्रत्यक्षात ते ऑश्विट्झच्या छळछावणीतील दहनभट्टीचे छायाचित्र! कारखाना आणि मृत्यू यांचे नाते दाखविण्याचा त्यांचा हेतू असेलही. परंतु जेथे खरोखर माणसे जाळली, त्या जागेचा आपल्या मालावर छाप म्हणून वापर करणे मला पटत नाही. हादरा देणे सोपे असते. हादरलेल्या माणसाला त्यापुढे काय दाखवायचे, ते कठीण असते.

मग गोंगाटाला कान द्यावा काय? माझे उत्तर ‘होय’ असेच आहे. कारण ही मुद्रिका ऐकली नसती तर आबांच्या कानांत तीस वर्षे काय ओतले गेले याचा विचार मी कधी केला नसता. लहानपणी मागांच्या खडखडाटात मला गाढ झोप लागे. तो मला आवाज वाटतच नव्हता. सवयीने बधिर झालेला माझा कान त्या परक्या गोंगाटाने जागा केला, एवढे ऋण मी मान्य करते. मात्र मित्रमैत्रिणींनो, तुम्ही ती ऐकाल तेव्हा एक करा. नको वाटले की बंद करा. आणि बंद केल्यावर जी शांतता मिळेल, ती कोणाकोणाला मिळत नाही याचा क्षणभर विचार करा.