मोकळ्या हवेचे शिधावाटप

महाराष्ट्र शासनाने ३१ मे २०२० रोजी काढलेल्या आदेशात दुकाने, कार्यालये आणि वाहने यांविषयीची कलमेच अधिक होती. त्यांच्या दाटीत चटकन नजरेस न येणारे एक कलम मात्र मुंबई-पुण्याच्या लक्षावधी लोकांनी अचूक हेरले. ३ जूनपासून पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळात समुद्रकिनारे, मैदाने, बागा आणि टेकड्या येथे चालण्यास, धावण्यास व सायकल फिरविण्यास मुभा देण्यात येत होती. घोळक्याने काही करावयाचे नाही, लहान मुलांसमवेत वडीलधारे माणूस असावे, दूरवर जाऊ नये, घराजवळच्याच मोकळ्या जागेचा उपयोग करावा, अशा अटी होत्या. सायकलीची तर शासनाने शिफारसच केली होती. कारण सायकलस्वारांमध्ये अंतर आपोआप राखले जाते. आदेश वाचणाऱ्यास तो समंजस वाटावा असाच होता. पुढे काय झाले ते सर्वांनी छायाचित्रांत पाहिले. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर माणसांची रीघ लागली, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच, गर्दी अशीच राहिल्यास पुन्हा निर्बंध घालावे लागतील, असे तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना बजावावे लागले.

त्या गर्दीचा अर्थ लावताना बहुतेकांनी नागरिकांच्या बेशिस्तीवर बोट ठेवले. ‘आपल्या लोकांना स्वातंत्र्य पचत नाही’ हे आपल्याकडचे आवडते वाक्य त्या दिवसांत पुष्कळदा ऐकू आले. वस्तुतः तो प्रश्न जितका शिस्तीचा होता तितकाच वाटपाचाही होता. एखादी वस्तू दुर्मिळ झाली म्हणजे ती कोणाला, किती आणि केव्हा मिळावी हे कोणीतरी ठरवावे लागते. रॉकेल आणि साखर यांच्या बाबतीत हे आपणांस पाठ आहे. मोकळी हवा ही अशी वस्तू असू शकते याची मात्र कोणी कल्पनाही केली नव्हती, आणि म्हणूनच तिचे शिधावाटप अत्यंत ओबडधोबड रीतीने झाले.

‘टाळेबंदी’ हा शब्द मराठी वाचकाने तोवर कारखान्यांच्या आणि गिरण्यांच्या संदर्भात ऐकला होता. २५ मार्च २०२० पासून तो घराघराला लागू झाला. त्या दिवसापासून ३ जूनपर्यंत जवळजवळ सत्तर दिवस मोठ्या शहरांतील माणसाला केवळ पाय मोकळे करण्यासाठी घराबाहेर पडणे मना होते. भाजी आणण्यास जाता येई, औषध आणण्यास जाता येई. फिरावयास जाता येत नसे. पहाटे फिरणाऱ्यांना पोलिसांनी कोठे उठाबशा काढावयास लावले, कोठे त्यांना ओवाळून त्यांची आरती केली. या प्रकारांची वृत्तपत्रांनी चवीने छायाचित्रे छापली आणि वाचकांनी ती चवीने पाहिली. फिरणे म्हणजे रिकामटेकड्यांचा षोक, ही आपली जुनी समजूत त्या हशामागे होती.

या साथीचे विज्ञान तर वेगळेच सांगत होते. चीनमधील संशोधकांनी २०२० च्या आरंभीच्या ३१८ सामूहिक लागणींचा अभ्यास केला, तेव्हा उघड्यावर घडलेली लागण त्यांना एकच सापडली. बाकी सर्व बंदिस्त जागांतल्या होत्या. विषाणू हवेतून पसरतो आणि कोंदट जागेत साचतो, ही गोष्ट पुढे सर्वमान्य झाली. याचा अर्थ असा की धोका मैदानात नव्हता. तो खोलीत होता, आणि मैदानात असलाच तर अंगाला अंग घासणाऱ्या घोळक्यात होता. तरीही बंदीचा पहिला घाला पडला तो बागेच्या फाटकावर. कारण फाटकाला कुलूप लावणे सोपे असते.

येथे थोडे अंकगणित करावे लागेल. समजा, एखाद्या मैदानावर दिवसभरात १,४०० माणसे प्रत्येकी एक तास फिरावयास येतात. मैदान १४ तास उघडे असेल आणि येणारे सारखे विभागले गेले, तर कोणत्याही क्षणी तेथे १०० माणसे असतील. तेच मैदान ४ तासच उघडे ठेवले, तर प्रत्येक क्षणी ३५० माणसे असतील. मैदान तेच आणि माणसेही तीच. गर्दी मात्र साडेतीनपट. काही माणसे कंटाळून येणार नाहीत हे खरे, परंतु निम्मी जरी घटली तरी गर्दी पूर्वीपेक्षा पावणेदोनपट राहतेच. ७ जून २०२१ पासून राज्याने जिल्ह्यांची पाच स्तरांत वर्गवारी केली. तेव्हा तिसऱ्या स्तरात मैदाने व फिरणे यांसाठी पहाटे ५ ते सकाळी ९ एवढाच वेळ ठेवण्यात आला. चौथ्या स्तरात तेवढाही केवळ सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवारी पूर्ण बंद. साथ जितकी तीव्र तितका वेळ आखूड, असे हे सूत्र होते. दिसावयास ते तर्कशुद्ध आहे. परिणामात ते उफराटे आहे. जेथे अंतर राखण्याची अधिक गरज, तेथेच लोकांना अधिक दाटीने एकत्र आणणारे! ही चूक आपणच केली असे नव्हे. पॅरिसमध्ये ८ एप्रिल २०२० पासून सकाळी १० ते सायंकाळी ७ या वेळात धावण्यास बंदी घातली गेली होती, आणि तेथेही सर्व धावणारे उरलेल्या वेळात लोटणार हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची आवश्यकता नव्हती.

स्पेनचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. त्या देशाने मार्च २०२० मध्ये लहान मुलांनाही घराबाहेर पडण्यास मनाई केली आणि ती सहा आठवडे चालविली. युरोपात इतकी कठोर बंदी क्वचितच कोठे होती. परंतु २ मेपासून मोकळीक देताना त्याने दिवसाची वाटणी केली. प्रौढांना पहाटे ६ ते १० आणि रात्री ८ ते ११, सत्तरीपुढील वृद्धांना १० ते १२ आणि सायंकाळी ७ ते ८, मुलांना दुपारी १२ ते ७. यात सर्वांची सोय झाली असे नाही. दुपारच्या उन्हात मुलांना बाहेर काढण्यावरून तेथेही कुरबूर होतीच. पण दिवसाचे तास ही वाटून घेण्याजोगी संपत्ती आहे एवढे तरी त्या शासनाने ओळखले. आपल्याकडे पाण्याच्या पाळ्या शतकानुशतके लागत आल्या आहेत. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत पाटाचे पाणी कोणाच्या शेतात केव्हा वळवावयाचे हे शेतकरी आपसांत ठरवीत आले. समाईक साधनसंपत्ती ही सरकारच्या दंडुक्याविना आणि खाजगी मालकीविनाही सांभाळता येते, या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या प्रांतात फड पद्धती जन्मली त्या प्रांताला मैदानाची पाळी लावणे अवघड जाऊ नये.

अंतराच्या मर्यादेचेही असेच. फ्रान्सने घरापासून एक किलोमीटर व एक तास अशी मर्यादा घातली. मुंबई पोलिसांनी जून २०२० च्या अखेरीस दोन किलोमीटरांची सांगितली. मर्यादेमागील हेतू योग्य होता. परंतु ज्याच्या घरापासून दोन किलोमीटरांत शिवाजी पार्क आहे आणि ज्याच्या घरापासून दोन किलोमीटरांत केवळ गोदामे व रेल्वेचे रूळ आहेत, त्या दोघांना एकच नियम लावणे म्हणजे समता नव्हे. मुंबईत सार्वजनिक मोकळी जागा माणशी दोन चौरस मीटरसुद्धा येत नाही. केंद्र सरकारची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वे दहा ते बारा चौरस मीटर असावी असे सांगतात. आणि ही दोन मीटरसुद्धा सरासरी आहे. सरासरीचा गुण असा की ती कोणाच्याच वाट्याला येत नाही.

बागा बंद झाल्याने ज्याच्या बंगल्याला अंगण आहे त्याचे काहीच गेले नाही. ज्याच्या सदनिकेला गच्ची आहे त्याचे थोडे गेले. वरळीच्या किंवा नायगावच्या बीडीडी चाळींत मात्र एका कुटुंबाची खोली १६० चौरस फुटांची होती. त्या खोलीत सहा माणसे असली तर एकाने आडवे व्हावयाचे ठरविले की दुसऱ्याने उठून उभे राहावयाचे, असा व्यवहार. अशा कुटुंबाला बाहेरचा रस्ता, नाका आणि मैदान हीच बसण्याउठण्याची जागा असते. त्याला ‘घरात बसा’ म्हणणे सोपे, पण घर कोठे आहे? बाहेरची मोकळी हवा हा या वर्गाचा करमणुकीचा नव्हे, तर आरोग्याचा प्रश्न होता. आणि नियम करणाऱ्यांपैकी फार थोडे त्या खोल्यांतून आलेले होते.

एवढे सांगितल्यावर नागरिकांच्या पदरात त्यांचे माप घालणेही आवश्यक आहे. कारण शासनाने फाटक उघडले तरी आत कसे वागावयाचे हे शासन ठरवू शकत नाही. १८ जुलै २०२१ चा रविवार आठवावा. बंदी असतानाही खारघरच्या डोंगरात वर्षासहलीसाठी गेलेले ११६ जण ओढ्याला पूर आल्याने अडकले. त्यांत ७८ स्त्रिया आणि ५ मुले होती. अग्निशामक दलाच्या जवानांनी शिड्या आणि दोर लावून सर्वांना सुखरूप आणले. दुसरी लाट ओसरून फार दिवस झाले नव्हते. घराजवळ चालणारा माणूस आणि बंदी मोडून धबधब्यावर जाणारा माणूस या दोघांना एकाच तागडीत तोलता येणार नाही. पहिल्याचा हक्क दुसऱ्याच्या वागण्यामुळे हिरावला जातो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात: सुख एकाचे, किंमत दुसऱ्याची.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांनी ही किंमत सर्वांत आधी ओळखली. मार्च-एप्रिल २०२० मध्ये कितीतरी गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आणि ओंडके टाकून रस्ते अडविले. शहरातील गिर्यारोहकांना त्याचा राग आला. परंतु गावकऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले असते तर तो आला नसता. गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोसावर, जिल्ह्याचे रुग्णालय त्याहून दूर, आणि साथ आली ती शहरातून! दुसऱ्या बाजूने, याच गावांतील अनेक घरांचा संसार किल्ल्यावर जाणाऱ्यांच्या पिठले-भाकरीवर आणि वाटाड्याच्या मजुरीवर चालत होता. काटेरी फांदी टाकणाऱ्याने आपल्याच मिळकतीवर ती टाकली होती. शहराने मात्र आपल्या मौजेतील एक रविवार सोडण्यास किती खळखळ केली!

साथ आणि मोकळी जागा यांचे नाते या प्रांताला नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग आला की दख्खनमधील गावेच्या गावे उठून माळावर झोपड्या घालून राहत. इंग्रज अधिकाऱ्यांची जबरदस्ती लोकांना सहन झाली नाही, आणि पुण्यात १८९७ मध्ये तिचा शेवट रँडच्या खुनात झाला. पण मोकळ्यावर जाऊन राहण्याचे शहाणपण लोकांनी पत्करले. मुंबईत तर प्लेगनेच नगररचना शिकविली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार मंडळाने, ज्याला लोक इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणत, दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याची वसाहत आखताना तीत बागांसाठी जागा सोडल्या. माटुंग्याच्या पाच बागांत आज जे वृद्ध सकाळी फिरतात, ते त्या साथीचे वारसदार आहेत. मंडळाने गरिबांची घरे पाडली त्यामानाने बांधली थोडी, हा दोष त्याच्या माथी आहेच. तरीही साथीतून शहराला काही मोकळे मिळाले.

२०२० च्या साथीने शहरांना असे काय दिले, याचे उत्तर देताना अडखळावे लागते. पुण्यात वेताळ टेकडीतून रस्ता काढण्याच्या योजनेविरुद्ध २०२३ मध्ये नागरिकांना रस्त्यावर उतरावे लागले. टाळेबंदी उठल्यावर ज्या टेकडीवर माणसे मोकळा श्वास घेण्यास धावली, तिच्यासाठी अवघ्या तीन वर्षांत मोर्चा काढावा लागतो. साथीच्या काळात टेकडी किती माणसांच्या उपयोगी पडली याचा जमाखर्च कोणत्याही महापालिकेच्या अंदाजपत्रकात नसतो. रस्त्याचा मात्र असतो.

आणि एका मालमत्तेचा तर कोणी विचारही केला नाही. मार्च २०२० पासून शाळा-महाविद्यालये बंद होती. काही इमारतींत विलगीकरणाची केंद्रे उघडली गेली, ते योग्यच होते. परंतु उरलेल्यांची मैदाने महिनोन्‌महिने रिकामी पडून होती. मुंबईत अशी मैदाने वस्तीच्या मध्यावर आहेत, दोन किलोमीटरांच्या आत आहेत, त्यांना कुंपण आहे, फाटक आहे, पहारेकरी आहे. म्हणजे पाळी लावण्यास आणि संख्या मोजण्यास लागणारे सर्व काही तयार होते. चाळींतील मुलांना सकाळी एक तास, वृद्धांना एक तास, मजल्यागणिक एक तास, अशी वाटणी प्रभाग समितीला एका बैठकीत करता आली असती. मरीन ड्राइव्हला जाण्याचे कारणच पुष्कळांना उरले नसते. पण मैदानाची किल्ली मुख्याध्यापकाकडे, मुख्याध्यापकाला हुकूम हवा शिक्षण खात्याचा, शिक्षण खात्याला पत्र हवे आरोग्य खात्याचे, आणि आरोग्य खात्याला त्या दिवसांत पत्र लिहिण्यास उसंत नव्हती. हे हुकूम साथ नसतानाच काढून ठेवावे लागतात. आता तसा काळ आहे, आणि कोणत्या प्रभागात कोणत्या शाळेचे मैदान किती माणसांना पुरेल याची यादी करण्यास एक चांगला कारकून आणि एक महिना पुरेसा आहे.