शंभरातला एक लिटर

कोरेगाव भीमाच्या पुलावरून पुणे–अहिल्यानगर रस्त्याची वाहतूक रात्रंदिवस सुरू असते. पुलाखालून वाहणारी भीमा इथे एकटी आलेली नसते. थोडे वर, तुळापूरच्या संगमावर, तिला इंद्रायणी मिळते. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावून देहू, मोशी, आळंदी असा प्रवास करत आलेली ही नदी वाटेतल्या वस्त्यांचे आणि कारखान्यांचे सांडपाणीही सोबत आणते. कोरेगावच्या पुढे, पारगाव–रांजणगाव सांडस परिसरात, पुणे शहर ओलांडून आलेली मुळा-मुठा भीमेत येते. म्हणजे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या पदरात दोन महानगरांचे पाणी पडते. पुढे तेच पाणी उजनीत साठते आणि पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वाहते.

या प्रश्नावर आपले ठरलेले उत्तर असते, मैलाशुद्धीकरण केंद्रे वाढवा. ते चूक नाही. पुण्यात जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून ११ नवी केंद्रे उभारण्याची योजना आहे. त्यांची एकूण क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर ठरली आणि त्यासाठीचा करार २०१६ मध्ये झाला. पण केंद्र कितीही चांगले असले, तरी ते त्याच्या दारापर्यंत आलेलेच पाणी शुद्ध करते. वाटेत फुटलेल्या वाहिनीतून, तुंबलेल्या चेंबरमधून किंवा वीज गेल्याने बंद पडलेल्या पंपिंग स्टेशनमधून जे पाणी नाल्यात गेले, त्याचा केंद्राशी संबंधच येत नाही.

अशी गळती थोडीशीच असेल, तर एवढी काळजी का करायची? थोडा हिशेब मांडून पाहू. कच्च्या सांडपाण्याच्या दर १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतील कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या साधारण १० लाख ते १ कोटी असते. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेनुसार, शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ती १,००० पेक्षा कमी हवी. आता समजा, एखाद्या शहराने शंभरपैकी ९९ लिटर सांडपाणी नियमाप्रमाणे शुद्ध केले आणि फक्त एक लिटर कच्चेच नदीत गळले. त्या एका लिटरमुळे एकत्र झालेल्या पाण्यात जिवाणूंची संख्या १० हजार ते १ लाख होते. म्हणजे मर्यादेच्या दहा ते शंभर पट. ९९ टक्के काम चोख केलेल्या शहराच्या खाली राहणाऱ्यांनाही नदीचे पाणी धोक्याचेच. म्हणून गळतीला किरकोळ बाब मानता येत नाही.

डोळ्यांना हे कळत नाही. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगला की त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरतात. फेस ओसरला की विषय संपतो. पण फेस प्रामुख्याने साबण-डिटर्जंटसारख्या रसायनांचा असतो. तो नाही म्हणजे पाण्यात जंतू नाहीत, असा अर्थ काढता येत नाही. नेहमीच्या जिवाणू चाचणीलाही मर्यादा आहेत. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेतून पाणी उचलण्याच्या ठिकाणी मैलापाणी शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. क्लोरिनमुळे जिवाणू मेले होते, म्हणून टायफॉइड वाढला नाही. विषाणू मात्र तगला. पुढे तो हिपॅटायटिस ‘ई’ असल्याचे सिद्ध झाले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी परिसरात गिया बारे सिंड्रोमचा उद्रेक झाला. रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्यावर संशय गेला.

आता देखरेखीकडे वळू. तिची दोन टोके आपण सांभाळतो. शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी पाणी तपासले जाते आणि नदीतील ठरावीक ठिकाणचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळ वेळोवेळी घेते. या दोन टोकांमध्ये शेकडो किलोमीटर वाहिन्या, हजारो चेंबर आणि अनेक पंपिंग स्टेशने आहेत. तिथे काय होते, याचा नियमित आकडा नागरिकांसमोर येत नाही. महिन्यातून एकदा घेतलेला नमुना मधल्या एका रात्री चार तास चाललेली गळती पकडू शकत नाही.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम ३१ नुसार, अपघाताने किंवा अनपेक्षित घटनेमुळे दूषित पाणी प्रवाहात जात असेल, तर त्या व्यवस्थेच्या प्रमुखाने मंडळाला तत्काळ कळवायचे असते. पण वरून काय आले, हे खालच्या गावाला कोण सांगणार? विहिरीचे पाणी नळाला सोडायचे की नाही, हे तर ग्रामपंचायतीला त्याच दिवशी ठरवायचे असते.

इंग्लंडलाही हा प्रश्न चुकलेला नाही. तिथे पावसाळी पाणी आणि मैला बऱ्याच ठिकाणी एकाच वाहिनीतून जातो. जोराचा पाऊस झाला की जादा पाणी नदीत सोडण्याची मुभा असते. अशा सुमारे साडेचौदा हजार तोंडांवर २०२३ अखेर वेळ मोजणारी यंत्रे बसली. त्या एका वर्षात मैलापाणी सोडल्याचे एकूण तास ३६ लाखांवर गेले. यंत्रे बसवून नदी स्वच्छ झाली नाही, पण आकडा सर्वांसमोर आल्यावर कंपन्यांना आणि सरकारला उत्तर देणे भाग पडले. पाणी सोडल्यापासून तासाभरात माहिती जाहीर करण्याची तरतूदही तिथल्या २०२१ च्या कायद्यात आहे.

आपल्याकडे सुरुवात याहून साधेपणाने होऊ शकते. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होते, असे आपले अभियंते धरतात. प्रत्येक भागाला किती पाणी दिले आणि तिथून केंद्रापर्यंत किती सांडपाणी पोहोचले, एवढे दोन आकडे महापालिकांनी दरमहा प्रसिद्ध करावेत. त्यांतील तफावत हा गळतीचा पहिला अंदाज. पंपिंग स्टेशनवर आणि वारंवार तुंबणाऱ्या चेंबरमध्ये पाण्याची पातळी दाखवणारी यंत्रे बसवावीत. आणि गळती झाली की मंडळाबरोबरच खालच्या ग्रामपंचायतींनाही त्याच दिवशी संदेश जावा.

बोट फक्त शहराकडे दाखवून मात्र चालणार नाही. कोरेगाव, सणसवाडी, शिक्रापूर हा पट्टा कारखान्यांमुळे झपाट्याने वाढला आहे. अशा गावांत सेप्टिक टँकचे पाणी गटारातून ओढ्यात गेले, तर पुढचे गाव आपल्याकडेही तसेच बोट दाखवील.

तोवर घरी काय करायचे? नळाच्या शेवटच्या टोकालाही दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवे. ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले, तर क्लोरिन आहे असे समजावे. ती चाचणी रोज होते का, हे ग्रामपंचायतीत विचारावे. शंका असेल, तर पाणी खळखळून उकळून प्यावे. नळाचे पाणी अधूनमधून बंद राहिले की वाहिनीतील दाब कमी होतो आणि शेजारच्या गळक्या ड्रेनेजचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पाणी सुटल्यावर आलेला पहिला गढूळ हंडा पिण्यासाठी भरू नये.

कोरेगावच्या घाटावर उभे राहणाऱ्याला वरच्या शहरात काय फुटले, ते दिसत नाही. म्हणूनच ते त्याला सांगण्याची जबाबदारी वरच्यांची आहे.