सोडायला कोण येणार?

एसटीच्या तिकीट सवलतींचा विषय निघाला की चर्चा तोट्यापाशी सुरू होते आणि तोट्यापाशीच संपते. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवहनमंत्री म्हणाले, सवलतींमुळे महामंडळाला रोज तीन कोटींचा फटका बसतो. चार दिवस गदारोळ झाला, मग सवलती चालूच राहतील असा खुलासा आला. तेव्हापासून कुठल्याही लग्नाच्या पंगतीत, कट्ट्यावर, सोसायटीच्या बैठकीत हा विषय निघतो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, ‘बायका उगाच हिंडायला लागल्यात.’

या ‘उगाच’बद्दल मला आज लिहायचं आहे.

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मं तिकीट. या पैशांचा हिशेब जरूर मागावा. सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला वेळेवर द्यायला हवी, नाहीतर ओझं शेवटी कामगारांच्या पगारावर येतं. पण आमच्यासारख्या घरांमध्ये बाईचा प्रवास फक्त भाड्यामुळे अडत नव्हता. पहिला प्रश्न असायचा, सोडायला कोण येणार? दुसरा, आणायला कोण जाणार? मुलाला सुट्टी नाही, मोटारसायकलवरून आईला बसवत नाही, रिक्षावाला दोन्ही वेळचे पैसे सांगतो. मग ‘पुढच्या महिन्यात बघू’. असे पुढचे महिने पुढे ढकलत बायकांची आयुष्यं गेली आहेत.

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, माहेर कुरुंदवाडचं. आम्ही सांगलीत. जयसिंगपूर, शिरोळ, नरसोबाची वाडी, मग पंचगंगेवरचा पूल ओलांडला की कुरुंदवाड. अंतर म्हणाल तर काहीच नाही. तरीही आई आणि त्यांची थोरली बहीण आक्का, दोघींची भेट व्हायची ती कुणाच्या लग्नात, नाहीतर तेराव्याला. तिथे बोलणं काय होणार? पाहुण्यांचं करण्यातच दिवस सरायचा.

आता आई सकाळचा चहा झाला की पिशवी भरतात. शेंगदाण्याची चटणी, आक्कांच्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली, वाचून झालेलं एखादं मासिक. आधार कार्ड पदराआडच्या छोट्या पाकिटात. कंडक्टर ते बघतो आणि मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात देतो. ‘आजी, जपून ठेवा, चेकर आला तर दाखवा.’ आई ते तिकीट चार घड्या करून पाकिटात ठेवतात आणि घरी आल्यावर देवघराच्या कप्प्यात टाकतात. मी एकदा विचारलं, कशाला साठवताय? म्हणाल्या, ‘माझ्या नावचं काहीतरी असू दे की.’

त्या निघताना आम्हाला सांगतात. विचारत नाहीत. हा बदल मला फार मोठा वाटतो. लग्नानंतर पन्नास-पंचावन्न वर्षं ज्या बाईने माहेरी जायचं म्हणजे आधी सासऱ्यांना, मग नवऱ्याला, मग मुलाला विचारलं, ती आता उंबऱ्यात उभी राहून ‘संध्याकाळच्या गाडीने येते’ एवढंच म्हणते. आणि दोघी बहिणी आता भांडतात. त्यांच्या आईच्या तांब्याच्या घागरीवरून, पूर्वीच्या कुठल्या तरी अबोल्यावरून, भावाच्या वाटणीवरून. पूर्वी भेटच इतकी त्रोटक असायची की मनातलं मनातच राहायचं. रुसून परत आलेल्या आई दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गाडीला उभ्या असतात. नातं चालू राहायचं तर येणं-जाणं हवं, व्हिडिओ कॉलवर अर्धा वेळ ‘दिसतंय का, ऐकू येतंय का’ यातच जातो.

घरच्या सहलींचंही तसंच. पूर्वी सहल म्हणजे गाडी भाड्याने करायची, आणि गाडी करायची म्हणजे पैसे देणारा ठरवील तो दिवस, तो मार्ग, तो थांबा. परवाच्या रविवारी आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो, आई, नणंद, माझी लेक, जाऊबाई आणि तिचा मुलगा. तिथे आक्का आल्या. ठरवलं बायकांनी. घाटावर हवा तेवढा वेळ बसलो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकडे बघत आक्कांनी दक्षिणद्वार सोहळ्याच्या आठवणी काढल्या. पुराचं पाणी दत्तमंदिरातल्या पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तेव्हा त्यात स्नान करायला लहानपणी त्या वडिलांच्या खांद्यावर बसून यायच्या. माझ्या लेकीने हे प्रथमच ऐकलं. मीही. मग कवठाची बर्फी, बासुंदी, आणि परतताना जाऊबाईने निवडून निवडून घेतलेली कृष्णाकाठची वांगी. घाई करणारं कुणी नव्हतं.

म्हणून ‘उगाच हिंडतात’ हे वाक्य मला लागतं. पुरुष चौकात तासभर उभा राहिला तर त्याला कुणी हिशेब विचारत नाही.

गर्दी वाढली हे मात्र खरं. काही वर्षांपूर्वी १८ हजारांच्या घरात असलेला एसटीचा ताफा आज १५ हजारांच्या आसपास आहे, प्रवासी रोज ५० लाखांच्या वर. संचित तोटा १० हजार कोटींच्या पलीकडे. उभ्याने प्रवास करणारे चिडतात आणि सगळा राग कंडक्टरवर निघतो. बिचारा दाटीतून वाट काढत कुणाचं अर्धं, कुणाचं पूर्ण, कुणाचं शून्य असं तिकीट फाडतो, वर सुट्ट्या पैशांचे बोल ऐकतो. गाड्या कमी पडतात तर गाड्या वाढवा. प्रवासी कमी करणं हा त्यावरचा इलाज होऊ शकत नाही. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली ती माणसं भरण्यासाठीच.

तोट्याच्या वक्तव्यावरून वाद चालू होता त्याच महिन्यात, २५ फेब्रुवारीच्या पहाटे, पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याची बातमी आली. त्या दिवशी आमच्या घरात कुणी फारसं बोललं नाही. संध्याकाळी नणंदेच्या सासरहून फोन आला, आता एकटीने येऊ नकोस. एका घटनेने किती घरांत पुन्हा ‘सोडायला कोण येणार’ सुरू झालं असेल! तिकीट निम्मं करणं सोपं होतं. उभ्या गाड्यांची दारं बंद आहेत का हे रात्री बघणारा माणूस, सगळ्या फलाटांवर दिवे, आतून कडी लागणारं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह, हे काम रोजचं आहे आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही. आई प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. स्थानकावरच्या स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून. शहात्तर वर्षांच्या बाईने उन्हाळ्यात तहान मारून प्रवास करायचा, याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे.

आणि मुक्कामाची गाडी. रात्री गावात येऊन थांबणारी, पहाटे निघणारी. आक्कांच्या नातीचं सासर नदीपलीकडच्या एका लहान गावात आहे, तिथली मुक्कामी गाडी एसटीच्या संपापासून बंद पडली ती पुन्हा आलीच नाही. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, पण शेवटची गाडी कॉलेज सुटायच्या आधी निघते. शेवटचे तास बुडवून पोरी स्थानकाकडे पळतात. त्या गाडीसाठी गावातल्या बायकांनी आगारप्रमुखांच्या नावाने अर्ज लिहिला आहे. गेल्या गुरुवारी आई आणि आक्का दोघी तिथे गेल्या होत्या. अर्जावर त्यांच्या सह्या चालत नाहीत, त्या गावच्या नाहीत. पण आक्कांनी पूर्वी पंचायतीत काम केलेलं, त्यांना अर्जाची भाषा येते. मजकूर त्यांनी सांगितला, नातीने लिहिला, आणि आता त्या वाडीवस्तीवर फिरून सह्या घेताहेत.